जुन्या कंदिलाचा मुलामा: ओळख, सफाई आणि जपणूक

रॉकेलचा कंदील मुळात पातळ पोलादी पत्र्याचा असतो. पत्रा गंजतो, म्हणून त्यावर कथिल, जस्त, निकेल किंवा भाजलेला रंग चढवतात. थोडे कंदील अख्खे पितळेचे किंवा तांब्याचेही असतात. वरचा हा थर फार पातळ असतो. कथिलाचा थर तर केसाच्या जाडीचा अंशही भरत नाही. चिंच, राख आणि काथ्या घेऊन अर्धा तास जोर लावला तर शंभर वर्षे टिकलेला मुलामा उतरतो आणि खालचा पत्रा पहिल्याच पावसाळ्यात तांबडा पडतो. म्हणून कंदिलाला हात लावण्याआधी मुलामा कोणता आहे हे ओळखावे. पुढची सारी कामे त्यावरच ठरतात.

बाजारात जे जुने कंदील मिळतात, त्यांपैकी बहुतेक दोन्ही बाजूंना नळ्या असलेल्या घडणीचे असतात. ही घडण अमेरिकेतल्या जॉन अर्विनने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बसवली आणि न्यूयॉर्कच्या डीट्झ कंपनीने तिचा मोठा प्रसार केला. रॉबर्ट डीट्झ १८४० पासून दिव्यांच्या धंद्यात होता. पहिल्या प्रकारात ज्योतीवरून उठलेली तप्त हवा डोक्यावरच्या टोपीत जाऊन नळ्यांतून पुन्हा बर्नरकडे येते. नंतर निघालेल्या प्रकारात नळ्यांतून फक्त बाहेरची ताजी हवा खाली उतरते, त्यामुळे ज्योत पांढरी आणि जास्त उजेडाची मिळते. जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांतात पूर्वी बनणारा फॉयरहँड हा याच दुसऱ्या जातीचा. महाराष्ट्रात कराडजवळच्या ओगलेवाडीतून निघालेला प्रभाकर कंदील घराघरांत पोहोचला होता. जुन्या घरांच्या माळ्यावर तो अजूनही सापडतो आणि परदेशी नावांच्या नादात लोक त्याला भंगारात घालतात, हे दुर्दैव.

घडण लक्षात घेण्याचे कारण असे की मुलामा सगळीकडे सारखा जुना होत नाही. टोपी आणि चिमणीच्या वरचा भाग तापतो, तिथला रंग जळतो आणि धातूवर निळसर-तपकिरी छटा चढते. कडी, काच उचलण्याचा दांडा आणि वातीची चावी यांना हात लागतो, तिथला मुलामा झिजून गुळगुळीत होतो. टाकीचा तळ ओल्या जमिनीवर, गोठ्यात, होडीत टेकलेला असतो, म्हणून गंज तिथून सुरू होतो. आच, हात आणि ओल यांच्या या खुणा खऱ्या जुन्या कंदिलावर आपापल्या जागी असतात. नकली जुनेपणा ओळखताना याचाच आधार घ्यावा लागतो.

कथिलाचा मुलामा सर्वांत जुना आणि सर्वांत सामान्य. नवा असताना तो चांदीसारखा झळकतो, पुढे मंद राखाडी होतो, आणि जिथे सूक्ष्म छिद्रे किंवा ओरखडे असतील तिथे टाचणीच्या टोकाएवढे गंजाचे ठिपके दिसू लागतात. कथिल लोखंडाला झाकून वाचवते, पण झाकण फाटले की उलट परिणाम होतो: ओल असेल तर उघड्या पडलेल्या जागेतले लोखंड अधिक वेगाने खाल्ले जाते. जस्ताचे तसे नाही. जस्त स्वतः आधी झिजते आणि शेजारच्या उघड्या लोखंडाला वाचवते. म्हणून ओरखडे पडलेला जस्ताचा कंदील कोकणातही तग धरतो, कथिलाचा धरत नाही. वितळलेल्या जस्तात बुडवलेल्या पत्र्यावर गोठलेल्या स्फटिकांची नक्षी दिसते, ती या मुलाम्याची पक्की ओळख. कालांतराने नक्षी पुसट होऊन सर्वत्र करडा रंग येतो. बंद, दमट जागेत ठेवला तर त्यावर पांढरी भुकटी धरते.

निकेल आणि क्रोम यांत गल्लत होते. निकेलच्या चमकेत किंचित पिवळसर ऊब असते आणि जुने झाल्यावर तिच्यावर धुकट पडदा येतो, तर क्रोम निळसर, थंड आणि आरशासारखे असते. क्रोमचा मुलामा व्यापारी प्रमाणावर १९२० च्या दशकात आला. त्यामुळे एखादा विक्रेता क्रोमने चकाकणारा कंदील राणी व्हिक्टोरियाच्या काळातला म्हणून पुढे करत असेल, तर एकतर काळ खोटा असतो किंवा मुलामा नंतरचा. काळा भाजलेला रंग हा आणखी एक जुना प्रकार. डांबराच्या जातीच्या द्रव्याचे वार्निश पत्र्यावर चढवून भट्टीत भाजत. त्याची चमक खोल आणि किंचित तपकिरी असते आणि टवका उडाल्यावर खाली बहुधा कथिल दिसते. बाजारातल्या नंतरच्या कंदिलांवर हिरवा, निळा, लाल एनॅमल रंग असतो. तो मूळचा असेल तर कितीही उडालेला असला तरी काढू नये.

पितळ ओळखायला लोहचुंबक पुरतो. अख्ख्या पितळेला तो चिकटत नाही, पितळेचा मुलामा दिलेल्या पत्र्याला टक्कन चिकटतो. चुंबक एकाच जागी लावून थांबू नये. टाकी पितळेची आणि नळ्या पत्र्याच्या, अशी मिसळ पुष्कळ कंदिलांत मूळचीच असते. जहाजावरच्या दिव्यांत तांबे-पितळ जास्त वापरले जाई, कारण खाऱ्या हवेत पत्रा टिकत नाही. असे दिवे गुजरातेतल्या अलंगच्या आणि मुंबईच्या दारूखान्याच्या जहाजतोडणीतून बाजारात येतात. त्यांच्या नकलाही तितक्याच येतात आणि नकलेवर जहाजाचे नाव कोरलेली पाटी हटकून असते.

पुण्याचा जुना बाजार असो की मुंबईचा चोर बाजार, खरेदीच्या वेळी घाई करू नये. दुकानातला दिवा पिवळा असेल तर कंदील उजेडात आणून पाहावा. मुद्दाम आणलेला जुनेपणा सहसा सर्वत्र एकसारखा असतो: कडीच्या कानाखाली, सांध्याच्या घडीत, झाकणाच्या आतल्या बाजूला, जिथे ना हात पोहोचतो ना पाणी, तिथेही तोच तपकिरी रंग. खरा जुना गंज काळपट आणि घट्ट बसलेला असतो. काल-परवा आणलेला गंज नारिंगी असतो आणि बोटाला लागतो. तांब्या-पितळेवरची हिरवी छटा पाणी साचेल अशा खोबणीत असायला हवी. फुगीर भागावर पसरलेला निळा-हिरवा रंग ब्रशने लावलेला असण्याचीच शक्यता जास्त. पेटंटच्या तारखा आणि कंपनीचे नाव पत्र्यावर ठशाने उठवलेले असते. मूळ ठशाच्या कडा धारदार असतात, नकलेच्या साच्यातून निघालेल्या अक्षरांच्या कडा गोलसर आणि भरलेल्या दिसतात. बर्नरवर काजळीचा एक कणही नाही आणि टोपी मात्र शतकभर जुनी, असे दिसले तर किंमत जुन्या कंदिलाची देऊ नये. नक्कल म्हणून नक्कल घेण्यात काही वावगे नाही, मुरादाबादचे कारागीर पितळेचे काम उत्तम करतात. पैसे कशाचे देत आहोत हे कळले म्हणजे झाले.

घरी आणलेला कंदील आधी सुटा करावा. टोपी स्प्रिंगवर वर उचलली जाते, मग काच निघते, त्यानंतर बर्नर फिरवून बाहेर येतो. प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र काढून ठेवले की जोडताना घोळ होत नाही. टाकीत जुने रॉकेल असेल तर ते डब्यात काढून घ्यावे, मोरीत किंवा नाल्यात ओतू नये. पूर्ण वाळवणे शक्य असेल अशाच दिवशी धुण्याला हात घालावा. कोमट पाणी, भांड्यांचा सौम्य साबण किंवा रिठ्याचे पाणी आणि जुना मऊ दातघाशा एवढ्यावर निम्म्याहून अधिक घाण निघते. कित्येक कंदिलांना याहून जास्त काही लागतही नाही. धुतल्यावर नळ्यांत पाणी राहते, म्हणून कंदील उलटा-सुलटा करून उन्हात ठेवावा आणि नळ्यांतून केस वाळवण्याच्या यंत्राची गरम हवा सोडावी. दुरून सोडलेल्या या हवेने काही बिघडत नाही, पण शेगडीवर किंवा गॅसच्या ज्योतीवर कंदील कधीही धरू नये. कथिल २३२ अंश सेल्सियसला वितळते आणि सांधे झाळलेला कथिल-शिशाचा मिश्रधातू १८३ अंशांच्या आसपासच मऊ पडतो. वरची टोपी निखळण्याचे आणि टाकी गळू लागण्याचे हे नेहमीचे कारण.

बर्नर बहुधा पितळेचा असतो आणि त्यावर जुन्या तेलाचा चिकट, वार्निशसारखा थर बसलेला असतो. वात काढून बर्नर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटे उकळला की तो थर सुटतो. हे भांडे पुन्हा स्वयंपाकाला वापरू नये. टाकीच्या आतला गाळ काढायला मूठभर जाड तांदूळ आणि साबणाचे पाणी घालून टाकी हलवावी. काच राखेने आणि जुन्या वर्तमानपत्राने पुसण्याची रीत चांगलीच आहे, बारीक चाळलेली राख काजळी ओढून घेते. तीच राख मुलाम्यावर मात्र पॉलिश कागदासारखी काम करते, म्हणून काचेपुरतीच वापरावी.

यापुढची सफाई मुलाम्यानुसार. कथिलाच्या कंदिलावर शिवणयंत्राचे तेल कापसाच्या चिंधीने लावून रात्रभर ठेवावे आणि सकाळी पुसावे. गंजाच्या ठिपक्यांवर अतिबारीक पोलादी लोकर तेलात भिजवून हलक्या हाताने, ठिपक्यापुरतीच फिरवावी. राखाडी झालेले कथिल पुन्हा चकाकत नाही, त्याचा हट्टही धरू नये. मुलामा जवळजवळ संपलाच असेल आणि कंदील वापरायचा असेल तर कल्हईवाल्याकडून नव्याने कल्हई करून घेता येते. मात्र झाळलेले सांधे त्या आचेत सुटतात, आणि नवसागराचा अंश धुऊन काढला नाही तर तोच पुढे पत्रा खातो. संग्रहासाठी ठेवलेल्या कंदिलाला कल्हई न केलेलीच बरी.

जस्ताला आम्ल आणि अल्कली दोन्ही चालत नाहीत. लिंबू, व्हिनेगर, धुण्याचा सोडा यांपैकी काहीही लावले तरी जस्त विरघळते. पांढरी भुकटी कोरड्या नायलॉन ब्रशने झाडून मेणाचा पातळ हात द्यावा. निकेलला साबणपाणी आणि मऊ फडके पुरे. काळ्या भाजलेल्या रंगावर टर्पेंटाइन किंवा थिनर लावू नये, तो रंगच सुटतो. जुना रंग आणि जुने झाळकाम यांत शिसे असू शकते, त्यामुळे कोरडे घासून धूळ उडवणे टाळावे, आणि घासावेच लागले तर ओले ठेवून घासावे.

पितळ आणि तांबे यांबाबत घराघरांत मते ठाम असतात. चिंच, लिंबू-मीठ, कोकणात आमसुलाचे पाणी. ही सारी आम्ले काळपटपणा उतरवतात हे खरेच. पण पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. आम्लात ते फार वेळ राहिले तर पृष्ठभागावरचे जस्त निघून जाते आणि भांडे गुलाबी दिसू लागते. म्हणून आम्ल लावायचेच तर मिनिट-दोन मिनिटे लावून भरपूर पाण्याने धुवावे आणि लगेच पुसावे. मीठ राहिले की हिरवे डाग परततात. पूजेच्या समईला दर सणाला घासणे ठीक आहे, तिचा धातू जाड ओतीव असतो. कंदिलाची टाकी पातळ पत्र्याची, तिला ते झेपत नाही. शिवाय एकसारखा तपकिरी थर धातूचे रक्षणच करतो. तो काढला की जे उघडे पडते ते महिन्याभरात पुन्हा काळवंडते आणि घासण्याचे चक्र सुरू होते.

अमोनियाचा धोका वेगळा आणि जास्त गंभीर आहे. ब्रिटिशांच्या काळात हिंदुस्थानातल्या लष्करात पावसाळ्यात तबेल्यांजवळ साठवलेल्या काडतुसांची पितळी कवचे आपोआप तडकत. घोड्यांच्या मुताचा अमोनिया, दमट हवा आणि ठोकून आकार दिलेल्या पितळेतला अंगचा ताण या तिघांचा तो परिणाम होता. कंदिलाची पितळी टाकीही दाबून, ओढून घडवलेली असते. काच पुसण्याच्या द्रवांत आणि काही पॉलिशांत अमोनिया असतो. त्यात टाकी बुडवून ठेवली तर सांध्याजवळ केसासारख्या भेगा पडू शकतात, आणि त्या रॉकेल भरल्यावरच कळतात. पितळेला जुनी छटा देण्यासाठी अमोनियाची वाफ देण्याची युक्ती सांगितली जाते. वापरात असलेल्या कंदिलावर ती करू नये.

मुलामा पूर्ण गेलेल्या, गंजलेल्या पोलादी कंदिलासाठी सर्वांत सौम्य उपाय म्हणजे उसाची मळी. एक भाग मळी आणि नऊ भाग पाणी घेऊन त्यात कंदील आठवडा-दोन आठवडे बुडवून ठेवावा. गंज सुटतो, लोखंड शाबूत राहते. वास येतो, म्हणून हे काम अंगणात. कथिल किंवा जस्त शिल्लक असलेल्या कंदिलाला हा उपाय करू नये. विजेच्या साहाय्याने गंज काढण्याची पद्धतही प्रचलित आहे: धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात कंदील ऋण टोकाला आणि साध्या लोखंडाचा तुकडा धन टोकाला जोडून बॅटरी चार्जरचा कमी दाबाचा प्रवाह सोडतात. यात हायड्रोजन वायू निघतो, त्यामुळे ते उघड्यावर आणि आगीपासून दूर करावे. लोखंडाच्या तुकड्याऐवजी स्टेनलेस स्टील घेतले तर पाण्यात क्रोमियमची विषारी संयुगे उतरतात. ज्याला विजेच्या कामाची सवय नाही त्याने मळीवरच भागवावे.

गंज निघालेला उघडा पत्रा तासाभरातही पुन्हा तांबूस पडू लागतो. तो काळा करून स्थिर करण्याचा एक देशी मार्ग आहे. हिरड्यात टॅनिन भरपूर असते, आणि टॅनिन लोखंडाशी संयोग पावून निळसर काळा पदार्थ बनवते. जुन्या काळची शाई याच गुणावर बनत असे. हिरड्याचा गडद काढा ब्रशने दोन-तीन वेळा लावून वाळू द्यावा. पत्र्यावर मंद काळा थर येतो आणि त्यावर मेण दिले की तो चांगला दिसतो. बाजारातले कित्येक गंजरोधक द्रवही याच तत्त्वावर काम करतात.

नव्या, स्वस्त कंदिलाला जुनी कळा द्यायची असेल तर प्रयोगाला हरकत नाही, मात्र तो टाकी, सांधे आणि बर्नर वगळून करावा. रंग उतरवलेल्या साध्या पत्र्यावर औषधाच्या दुकानात मिळणारा तीन टक्क्यांचा हायड्रोजन पेरॉक्साइड आठ भाग, पांढरे व्हिनेगर एक भाग आणि चमचाभर मीठ असे मिश्रण फवारले की काही मिनिटांत गंज धरतो. हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवा. उरलेले मिश्रण बाटलीत बंद करून ठेवू नये, आत वायू साठतो. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र केले तर क्लोरीन वायू निघतो, तो प्रकार कुठल्याही कृतीत करू नये. हवी ती छटा आली की भरपूर पाण्याने धुऊन, वाळवून मेण लावावे, नाहीतर मीठ आत राहून गंज थांबतच नाही. तांब्याच्या भागासाठी घरगुती गंमत अशी की, उकडलेल्या अंड्यांचा गरम बलक कुस्करून तांब्यासह बंद डब्यात ठेवला तर त्यातून निघणाऱ्या गंधकयुक्त वायूने तांबे दोन-चार तासांत तपकिरी होते.

शेवटचा संरक्षक हात म्हणून मेण उत्तम. फर्निचरचे कार्नोबा मेण किंवा संग्रहालयांत वापरतात ते सूक्ष्मस्फटिकी मेण अगदी थोडे घेऊन चोळावे आणि अर्ध्या तासाने फडक्याने चमकवावे. टोपी आणि काचेच्या वरच्या भागाला मेण लावू नये, कंदील पेटवल्यावर ते वितळते आणि खोलीभर वास सुटतो. जवसाचे उकळलेले तेलही पत्र्याला चालते, पण त्यात भिजलेली फडकी चुरगळून टाकली तर ती आपोआप तापून पेट घेतात. ती उघड्यावर पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत. पितळेवर पारदर्शक लॅकर मारण्याचा मोह होतो. पेटवायच्या कंदिलावर ते पिवळे पडून सोलपटते. नुसत्या शोभेच्या कंदिलाला चालते.

कंदील पेटवायचा असेल तर आधी गळती तपासावी. टाकी निम्मी भरून वर्तमानपत्रावर रात्रभर ठेवली की सकाळी डाग दिसतो किंवा दिसत नाही. गळती झाळून घ्यायची तर टाकी साबणपाण्याने धुऊन, वास पूर्ण जाईपर्यंत उघडी ठेवल्यावरच कारागिराकडे न्यावी. इंधन म्हणून रॉकेल किंवा दिव्यांसाठी विकले जाणारे पातळ पॅराफिन तेल घालावे. रेशनवरच्या रॉकेलमध्ये निळा रंग मिसळलेला असतो, त्याने वात लवकर काळवंडते. गोडे तेल किंवा तिळाचे तेल घट्ट असल्याने चपट्या वातीतून पुरेसे वर चढत नाही, ते समईसाठीच ठीक. पेट्रोल एक थेंबही नको: रॉकेलची वाफ पेट घ्यायला साधारण ३५-४० अंशांची ऊब लागते, पेट्रोलची वाफ पाण्याच्या गोठणबिंदूच्या कितीतरी खालीही पेटते, आणि टाकी ज्योतीपासून वीतभरही लांब नसते.

नवी वात घातल्यावर तेल भिनायला वीस मिनिटे द्यावीत. वातीचे टोक सरळ कापून दोन्ही कोपरे किंचित उडवावेत, म्हणजे ज्योतीला शिंगे फुटत नाहीत. पेटवल्यावर काच तापेपर्यंत वात कमी ठेवावी. ज्योत धूर ओकू लागली की टोपीच्या मुलाम्यावर काजळी भाजली जाते आणि ती पुढे निघता निघत नाही. बंद खोलीत कंदील जाळत ठेवून झोपू नये, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

पावसाळ्यापूर्वी कंदील न वापरता ठेवायचा असेल तर टाकी रिकामी करून, वात काढून, आतून एक-दोन चमचे शिवणयंत्राचे तेल फिरवावे. जुने रॉकेल ओल धरते आणि टाकी आतून गंजते. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नये, आत दव धरते. सुती कापडात गुंडाळून, जमिनीपासून उंच, लाकडी फळीवर ठेवावा. कापडात मेणबत्तीचा तुकडा, कापूर वगैरे ठेवण्याची गरज नाही. सिलिका जेलची पुडी मात्र उपयोगी पडते. समुद्रकाठी राहणाऱ्यांनी महिन्यातून एकदा कापड उघडून तळाचा सांधा आणि कडीचे कान पाहावेत, खारी हवा पत्र्याला प्रथम तिथेच गाठते.